"चाळीस हजाराच्या वर आयडीव्ही मिळणार नाही" असं एजंट म्हणाला तर?

प्रश्न: नमस्कार काका, वडिलांची १९७९ ची प्रीमिअर पद्मिनी आहे, पहिल्या मालकापासून आमच्याच घरात. वडील मागच्या वर्षी गेले. गेल्या दोन वर्षांत मी गाडीवर पत्र्याचं काम, पेंट, सीट, वायरिंग, इंजिन असं सगळं मिळून पावणेतीन लाखाच्या आसपास घातले. आधी फक्त थर्ड पार्टी होता, तोही संपून सात-आठ महिने झाले. ऑनलाइन नंबर टाकला की 'व्हेईकल नॉट फाउंड' येतं. एक एजंट भेटला तो म्हणतो एवढ्या जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स मिळतच नाही, आणि मिळाला तरी चाळीस हजाराच्या वर आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) लागणार नाही. मित्र म्हणतो व्हिंटेज पासिंग करून घे, इन्शुरन्स अर्ध्यात होतो. शिवाय पद्मिनीवर बंदी आली असंही ऐकलं. आणि हो, शूटिंगसाठी गाडी भाड्याने मागितलीय एकाने, दिली तर चालेल का? आरसी अजून वडिलांच्या नावावर आहे. — पद्मिनीवाला

उत्तर:

पद्मिनीवाले, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी टाकलीत. आरसी वडिलांच्या नावावर आहे. बाकी आयडीव्ही, व्हिंटेज, शूटिंग सगळं नंतर, कारण गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस हयात नाही आणि तुम्ही तुमच्या नावाने पॉलिसी काढलीत तर हप्ता कंपनी आनंदाने घेईल, पण उद्या गाडी चोरीला गेली की पहिला प्रश्न हाच येणार की गाडी तुमची कशावरून. त्यावेळी आमच्या घरातलीच आहे हो, असं सांगून भागत नाही. मी बरीच वर्षं मोटर सर्व्हेचं काम केलंय, क्लेम अडकतात ते बहुतेक वेळा गाडीमुळे नाही, कागदामुळे.

नियम असा आहे की मालक वारला तर वारसाने आरटीओला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. तुमची मुदत गेली, ठीक आहे, थोडा दंड बसेल, पण होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आई-भावंडं असतील तर त्यांची संमती अॅफिडेव्हिटवर, हे आधी जमवा. (जाता जाता बाकी वाचकांसाठी: विमाधारक वारला तर चालू पॉलिसी लगेच संपत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, जे आधी येईल तोपर्यंत चालते, आणि तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. हे बहुतेकांना माहीतच नसतं.)

आरसी हातात घेतलीच आहे तर तारीखही बघा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, नंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, त्यालाच आपण री-पासिंग म्हणतो. १९७९ ची गाडी म्हणजे हे बऱ्याच वेळा झालेलं असायला हवं, आणि वडील आजारी वगैरे असतील तर शेवटचं राहून गेलेलं असू शकतं. रजिस्ट्रेशन संपलेलं असेल तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम गेलाच म्हणून समजा. टेम्पररी रजिस्ट्रेशन संपलेल्या नव्या गाड्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१४ ला आणि परत २०२१ ला कंपनीच्या बाजूने निकाल दिलेत, रजिस्ट्रेशन नसणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे म्हणून. कंपन्यांचे वकील हे निकाल खिशात घेऊन फिरतात.

अजून एक चेक. इंजिनचं काम केलं म्हणता. इंजिन तेच ठेवून खोललं की दुसऱ्या पद्मिनीचं आणून बसवलं? गॅरेजवाले हे सर्रास करतात, "साहेब, बोअरिंग करण्यापेक्षा तयार इंजिन टाकू" म्हणतात आणि तुम्हाला सांगायचं राहून जातं. मग इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही. पॉलिसीच्या इन्स्पेक्शनला नाही तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) चेसी नंबरची पेन्सिल छाप घेतो, इंजिन नंबर बघतो, तिथे उघडं पडतं. बदललं असेल तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्या, नावावर करायला जाणारच आहात तर त्याच फेरीत.

आता 'व्हेईकल नॉट फाउंड'. तुमचा नंबर तो जुना तीन अक्षरांचा असणार, एमएच सुरू व्हायच्या आधीचा. या साइट्स गाडीची माहिती सरकारच्या वाहन डेटाबेसमधून उचलतात आणि जुन्या रजिस्टरमधल्या कित्येक गाड्या त्यात चढलेल्याच नाहीत. आरटीओत अर्ज देऊन जुनी नोंद सिस्टिमवर चढवून घ्यावी लागते, बॅकलॉग एंट्री म्हणतात त्याला. हे नाही झालं तर पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सगळीकडेच अडणार, त्यामुळे इन्शुरन्स नको असता तरी हे करावंच लागलं असतं.

आणि ते बंदीचं. तुम्ही जे ऐकलंत ते मुंबईच्या काळी-पिवळीचं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झालेली, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून गेली आणि सगळीकडे फोटो फिरले, लोक हळहळले. खाजगी पद्मिनीशी त्याचा काही संबंध नाही. दिल्लीचं दहा वर्षं डिझेल-पंधरा वर्षं पेट्रोल हे प्रकरण दिल्ली-एनसीआरचं आहे. तुमच्या गाडीचं री-पासिंग आणि पीयूसी नीट असेल तर महाराष्ट्रात चालवायला कोणी अडवत नाही.

हे झालं की मग इन्शुरन्स.

थर्ड पार्टी तर उद्याच काढा, म्हणजे नावावर करायची प्रोसेस चालू असतानाच. जुन्या नावावर काढून ट्रान्सफर झाल्यावर बदल करायचा की कागद दाखवून काढायचा हे ब्रांचमध्ये स्पष्ट विचारा आणि जे सांगतील ते लेखी घ्या, पण तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. थर्ड पार्टीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण तो दंड मी मोजतच नाही. कोणाला धडक बसली तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून जाणार, आणि माणूस गेला असेल तर तो आकडा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, घर विकावं लागेल असा. पद्मिनी १०८९ सीसी, म्हणजे १००० ते १५०० चा स्लॅब, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने वर्षाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा एकच, त्यामुळे इथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. ओनर-ड्रायव्हरचा पंधरा लाखाचा अपघात विमा कम्पल्सरी आहे, तो आधीच दुसरीकडे असेल तर सांगा, डबल घेऊ नका.

आता तुमचा एजंट. "फुल इन्शुरन्स मिळतच नाही" याचा खरा अर्थ "माझ्या मोबाईलमधल्या अॅपवर मिळत नाही" असा असतो. बऱ्याच कंपन्यांची सिस्टिम पंधरा वर्षांच्या वर गेली की फक्त थर्ड पार्टीचा ऑप्शन दाखवते आणि एजंटला त्यातून मिळणारं कमिशन बघता तो तुमच्यासाठी ब्रांचला दोन चकरा कशाला मारेल. माझं मत असं की अशा गाडीसाठी पब्लिक सेक्टरच्या चार कंपन्यांपैकी (न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया, नॅशनल) जिचं ऑफिस जवळ असेल तिथे स्वतः जा, गाडी घेऊन जाता येत नसेल तर फोटो घेऊन, आणि काउंटरवर नाही तर अंडररायटिंग, म्हणजे विमा द्यायचा की नाही आणि कितीला, हे बघणाऱ्या ऑफिसरला भेटा. एका ब्रांचने नाही म्हटलं तर दुसऱ्या ब्रांचमध्ये, त्याच कंपनीच्या सुद्धा, हो म्हणू शकतात, कारण हा माणसाने घ्यायचा निर्णय आहे. ओन डॅमेज द्यायचाच अशी सक्ती कंपनीवर नाही, हे लक्षात ठेवून बोला, भांडायला जाऊ नका.

आणि ते चाळीस हजार. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथेच लोक फसतात.

आयडीव्हीचा जो तक्ता सगळे दाखवतात, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के, तो तक्ता पाच वर्षांवर संपतो. पुढे रकानाच नाही. आणि त्याच्याच खाली स्टँडर्ड पॉलिसीत लिहिलंय की पाच वर्षांवरच्या गाड्या आणि ज्यांचं उत्पादन बंद झालंय अशी मॉडेल्स यांचा आयडीव्ही कंपनी आणि विमाधारक यांच्या आपसातल्या सहमतीने ठरवायचा. तुमची पद्मिनी दोन्हीत बसते. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन जमाना झाला. तेव्हा चाळीस हजार हा कुठल्याही नियमातला आकडा नाही, एजंटच्या तोंडातला आहे. सहमती म्हणजे तुम्हीही बोलायचं असतं, ते लोक बोलत नाहीत, समोरून आकडा आला की सही करतात.

बरं, एकदा आयडीव्ही ठरून पॉलिसीवर छापला गेला की त्या वर्षभरासाठी टोटल लॉसच्या क्लेमला तीच गाडीची बाजारभावाची किंमत धरली जाते, त्यातून परत घसारा काढता येत नाही. परदेशात क्लासिक गाड्यांसाठी जी 'अॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी असते तिचं इतकं कौतुक ऐकतो आपण, तर आपल्याकडे जुन्या गाडीला नेहमीच्याच पॉलिसीत जवळपास तीच सोय आहे, फक्त ती मागावी लागते.

आयडीव्ही कमी असला तर काय होतं? लोकांना वाटतं चोरी झाली तर कमी पैसे मिळतील, एवढंच ना, चोरी कोण करतंय. एवढंच नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही अशी, धरतात. चाळीस हजाराचे ७५ टक्के म्हणजे तीस हजार. तुमच्या गाडीला पुढून एक बऱ्यापैकी ठोकर बसली, बॉनेट, बंपर, ग्रिल, एक मडगार्ड, काच, पेंट, तर बिल साठ हजाराच्या घरात सहज जाईल. म्हणजे जी गाडी पंधरा दिवसांत गॅरेजमधून ठणठणीत बाहेर आली असती ती कागदावर टोटल लॉस. मग तुमच्यापुढे पर्याय काय, तर चाळीस हजार घ्या आणि गाडी कंपनीला द्या, नाहीतर सॅल्व्हेजची (मोडक्या गाडीची) किंमत वजा करून उरलेलं घ्या आणि गाडी ठेवा. पावणेतीन लाख घातलेली गाडी सॅल्व्हेज म्हणून तुम्हालाच परत विकत घ्यायची वेळ. मी हे होताना बघितलंय, मालक पॉलिसीच्या कागदाकडे बघत बसतो आणि त्याला वाटतं आपल्याला कोणीतरी लुबाडलं, पण सही त्याचीच असते.

हाच आकडा तीन लाख आयडीव्हीवर लावा. ७५ टक्के म्हणजे सव्वादोन लाख. साठ हजाराचं बिल आरामात दुरुस्तीत बसतं.

प्रीमियम किती वाढतो म्हणाल तर, जुन्या टॅरिफमध्ये दहा वर्षांवरच्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला मुंबई-पुण्याच्या झोनमध्ये ओन डॅमेजचा दर आयडीव्हीच्या ३.५२९ टक्के होता, बाकी महाराष्ट्रात थोडा कमी. २००७ पासून दर मोकळे झालेत, कंपनीप्रमाणे वेगळे असतात, डिस्काउंट पण मिळतो, पण अंदाजाला धरायचं तर आयडीव्ही लाखाने वाढवला की वर्षाला साडेतीन हजाराच्या आतबाहेर. तीन लाखाला दहा-साडेदहा हजार, डिस्काउंटच्या आधी. हे जास्त वाटत असेल तर त्यावर पण उपाय आहे, खाली सांगतो.

तीन लाख सिद्ध कसे करायचे? पावणेतीन लाख खर्च झाला म्हणून किंमत पावणेतीन लाख अधिक गाडीचे, असं कोणी मानत नाही, आणि इंटरनेटवर कोणीतरी सहा लाखाला पद्मिनी टाकलीय ती जाहिरात दाखवू नका, मागितलेला भाव म्हणजे विकला गेलेला भाव नव्हे. आयआरडीएआयचं (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाचं) लायसन्स असलेल्या मोटर सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घ्या. त्यात गाडीचे चारही बाजूंचे फोटो, खालून चेसी, इंजिन बे, डॅशबोर्ड, ओडोमीटर, चेसी आणि इंजिन नंबरचे जवळून फोटो, आणि कामाची बिलं जोडलेली हवीत. बिलं नाहीयेत ना? मला माहितीय, गॅरेजवाल्याने वहीच्या पानावर आकडे लिहून दिले असणार. अजून वेळ आहे, पेंटवाल्याकडून, सीट कव्हरवाल्याकडून, स्पेअर पार्टच्या दुकानातून जी पक्की बिलं मिळतील ती मिळवा, कामाचे चालू असतानाचे फोटो मोबाईलमध्ये असतील ते तारखेसकट काढून ठेवा. पत्रा कापलेला, प्रायमर मारलेला असा गाडीचा अर्धवट फोटो बघायला वाईट दिसतो पण ऑफिसरला तोच पटतो, की बाबा वरून रंग मारलेला नाही. आणि पॉलिसी आल्यावर आयडीव्हीच्या चौकटीत तोच आकडा छापलाय ना हे त्याच दिवशी बघा.

पॉलिसी संपून सात-आठ महिने झालेत म्हणजे ब्रेक-इन केस, कंपनी गाडीचं इन्स्पेक्शन करणार, ते चांगलंच आहे. नो क्लेम बोनस नव्वद दिवसांत गेला असता, पण तो ओन डॅमेजवर असतो आणि तुमचा फक्त थर्ड पार्टी होता, तेव्हा हळहळू नका, नव्हताच.

आयडीव्ही नीट लागला म्हणजे सगळे पैसे मिळतात असंही नाही. आयडीव्ही टोटल लॉस आणि चोरीसाठी. साध्या दुरुस्तीत पार्टवर घसारा लागतो, तुमच्या गाडीच्या वयाला पत्र्याच्या, लोखंडी पार्टवर ५० टक्के, रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरीवर ५० टक्के, काचेवर शून्य. झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं जादा कव्हर) या वयाला मिळणार नाही, मागूच नका. पण लेबरवर घसारा नसतो! आणि पद्मिनीसारख्या गाडीत नवीन पार्ट मिळतोच कुठे, डेंटर हातोडी घेऊन पत्रा सरळ करतो, जोडतो, म्हणजे बिलाचा मोठा भाग मजुरीच असतो. पेंटच्या एकत्रित बिलात फक्त २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्यावरच ५० टक्के कापतात. आता मघाचंच बिल घ्या: लोखंडी पार्ट २०,००० चे निम्मे म्हणजे १०,०००, रबर-बीडिंग ३,००० चे १,५००, काच ४,००० पूर्ण, मजुरी १५,००० पूर्ण, पेंटिंग २०,००० मधून अडीच हजार जाऊन १७,५००. बिल ६२,००० चं, हातात ४८,०००, त्यातून हजार रुपये कम्पल्सरी एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचा वाटा, वजा. जुन्या गाडीला काही मिळत नाही म्हणणाऱ्यांना हा हिशोब दाखवा. मात्र गॅरेजवाल्याने "पुढचं काम पूर्ण, ६२,०००" असं एका ओळीत लिहून दिलं तर सर्व्हेअरला वेगळं करता येत नाही आणि मग तो त्याच्या अंदाजाने कापतो. मजुरी वेगळी, पार्ट वेगळे, पेंट वेगळा, हे एस्टिमेटच्या वेळीच सांगून ठेवा. आणि सर्व्हे व्हायच्या आधी गाडी खोलू देऊ नका, गॅरेजवाल्यांना फार घाई असते.

दहा हजार नकोत असं वाटलं तर मधला मार्ग आहे, आणि गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघत असेल तर मला तोच जास्त शहाणपणाचा वाटतो: थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरीचं कव्हर जोडून घ्यायचं. आपल्या मोटर टॅरिफमध्ये ही सोय होती, ब्रांचला माहीत असते, वेबसाइटला नसते. ठोकर बसली तर तुमचा खर्च, पण अशा गाडीला मालक जपूनच चालवतो. आगीची भीती मात्र खरी आहे. जुनं वायरिंग, कार्ब्युरेटरमधून गळणारं पेट्रोल, कडक झालेले पाइप. पॉलिसीत आग, स्फोट, सेल्फ इग्निशन हे सगळ्यात वरचं कलम आहे, म्हणजे शॉर्ट सर्किटने गाडी पेटली तर कव्हर आहे, वायरिंग जळालं एवढ्याच नुसत्या इलेक्ट्रिकल बिघाडाला नाही. पण पॉलिसीची एक अट अशीही असते की मालकाने गाडीची वाजवी काळजी घेतलेली असावी. तुम्ही वायरिंग नवीन केलंय, त्याचं बिल या सगळ्यात जास्त सांभाळा. बॅटरीला कट-ऑफ स्विच नसेल तर लावून घ्या, गॅरेजमध्ये उभी करताना बंद करायचा, चोरालाही गाडी चालू करायला त्रास होतो.

व्हिंटेज पासिंगबद्दल तुमच्या मित्राने अर्धी गोष्ट ऐकलीय. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, त्यात पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली आणि चेसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज. तुमची २०२९ मध्ये पन्नास पूर्ण करेल. तोवर कायद्याच्या लेखी ती क्लासिक वगैरे काही नाही, नुसती जुनी गाडी आहे, 'क्लासिक' असा वेगळा वर्गच नाही आपल्याकडे. थर्ड पार्टीत व्हिंटेज रजिस्ट्रेशनला ५० टक्के सूट आहे हे खरं, म्हणजे तुमचे १,७०८ रुपये वाचणार. आणि व्हिंटेज रजिस्ट्रेशनची फी किती? वीस हजार, दहा वर्षांसाठी. दहा वर्षांत वाचले सतरा हजार! वर व्हिंटेज रजिस्ट्रेशनला मिळणाऱ्या त्या 'व्हीए' नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, टेक्निकल रिसर्च, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारी आईला घेऊन देवाला जायचं असेल तर ते यात बसत नाही. ज्याला रॅलीतच मिरवायचंय, किंवा ज्याच्या गाडीचं रजिस्ट्रेशनच हरवलंय त्याला ठीक, तुम्हाला २०२९ मध्ये सुद्धा मी घाई करू नका असंच सांगेन. जुन्या टॅरिफमध्ये व्हिंटेजला ओन डॅमेजवर २५ टक्के सूट असायची तीही ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने सर्टिफाय केलेल्या गाड्यांना, आपल्या पद्मिनीचा तेव्हा जन्म पण नव्हता.

कंपनीने उद्या क्लेममध्ये खोडा घातला तर आधी कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन (विमा लोकपाल), मुंबईला आणि पुण्याला दोन्हीकडे ऑफिस आहे, पन्नास लाखापर्यंतचे वाद बघतात, फी नाही, वकील लागत नाही, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. तुमच्या केसमध्ये कागद सरळ असतील तर तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये.

राहिलं शूटिंग. भाड्याने देऊ नका. खाजगी गाडीच्या पॉलिसीत 'हायर ऑर रिवॉर्ड' (भाडं किंवा मोबदला) साठी वापर सरळ वगळलेला असतो, पैसे घेतले की ओन डॅमेजचा क्लेम गेला, आणि थर्ड पार्टीत सुद्धा कंपनी समोरच्याला पैसे देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करायला बघू शकते. लग्नात चुलत भावाला वरातीसाठी फुकट दिली तर तो प्रश्न येत नाही, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं आणि फुलांच्या माळांनी समोरची काच झाकू देऊ नका. रॅलीत उतरणार असाल, म्हणजे वेळ लावून, गुण देऊन होणारी, तर आधी कंपनीला सांगून तेवढ्या दिवसांचं वेगळं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा नोंद) घ्यावं लागतं, रेस आणि रिलायबिलिटी ट्रायल नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत. शूटिंगवाला फारच मागे लागला असेल तर त्याला सांगा, प्रॉडक्शनच्या नावाने गाडीचा त्या दिवसांचा वेगळा विमा काढ, त्यात गाडीची किंमत तीन लाख लिही, गाडी सेटवर टेम्पोवरून घेऊन जा आणि तशीच आणून सोड, ड्रायव्हर माझा. एवढं लेखी मिळालं तर विचार करा, नाहीतर त्याला फोटो काढायला घरी बोलवा.